वाकडं जुळलेलं हाड

मंगळवार, अकरा मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं.

प्रिय भोपळ्या,

वर लिहिलेली वेळ मी पत्र लिहायला बसले त्याची नाही. ती गुन्ह्याची वेळ आहे. तुमच्या हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत, खालच्या मोठ्या हॉलमध्ये, औषधांच्या खिडकीवरच्या घड्याळात मी ती पाहिली आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून घेतली, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारीचा घोळ झाला. त्या वेळी तू 'बसलेली बाई' या पुतळ्यासमोर उभा होतास. तुझ्या शेजारी तुमचा तो व्यवस्थापक होता, ज्याचं नाव मी आजवर लक्षात ठेवलेलं नाही, कारण माणसाआधी त्याचा टायच दारातून आत येतो. टायवाला म्हणाला, "सर, फार तक्रारी आहेत हो. देणगीदारांच्या बायका अक्षरशः तोंड फिरवून लिफ्टकडे पळतात." तू पुतळ्याकडे पाहिलंस. एखादी शिंक येऊन जावी तेवढाच वेळ पाहिलंस. मग खिशातलं पेन काढलंस, त्याच्या टोपणानं पुतळ्याच्या गळ्याखालच्या डाव्या हाडावर टकटक केलंस आणि म्हणालास, "मुळात शरीराचा अभ्यासच नाही. ही कॉलरबोन बघा. असं हाड कधी जुळतं का? माझ्या विभागात कुणी असं जुळवलं तर मी त्याला घरी बसवेन." टायवाला मोठ्यानं हसला. तुझ्या विनोदांना पगारी माणसं हसतात हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं, पण ते राहू दे. मग तू म्हणालास, "हलवा खाली." दोन माणसं आली. एक वापरलेली चादर त्या बाईच्या अंगावर टाकली, तिला ढकलगाडीवर आडवी केली, आणि शस्त्रक्रिया बिघडल्यावर नेतात तसं तिला मागच्या दारानं नेलं. चौथरा तेवढा राहिला.

मी कुठे होते म्हणशील. रांगेत होते. गुडघ्याच्या व्यायामासाठी दर मंगळवारी येते तशी आले होते, हातात चिठ्ठी होती आणि अंगावर ती लाल शाल होती जी तूच आणून दिलीस, चांगली लांबून दिसावी म्हणून. खांबामागे लपले नव्हते. तू बघितलं नाहीस, इतकंच. हल्ली ही सवय तुला लागली आहे, आणि या पत्राचा विषयही तोच आहे.

तिथल्या तिथे तुझा कान धरावा असं वाटलं होतं. धरला नाही, कारण तुझ्यामागे चार शिकाऊ डॉक्टर वह्या घेऊन उभे होते, आणि पोराची चारचौघांत शोभा करायची नाही हे मी तू शाळेत असल्यापासून पाळत आले आहे. फोन का केला नाही, तर फोनवर तू "हो आई, बघतो आई, मीटिंगमध्ये आहे आई" एवढ्या तीन वाक्यांवर मला वाटेला लावतोस. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर म्हणायच्या की ज्याला राग आला असेल त्यानं बसून स्वच्छ अक्षरात लिहावं, अर्ध्या पानावर राग उतरतो. मदरांचा अंदाज चुकला. माझं एक पान झालं आणि राग जागेवर आहे.

तू नीट पाहिलंच नाहीस, तेव्हा तू काय हलवलंस ते आधी सांगते. मी त्या बाईसमोर गेले काही मंगळवार बाक ओढून बसत आले आहे, त्यामुळे मला ती पाठ आहे. ती खऱ्या माणसाएवढी आहे, पांढरी, प्लास्टरची. तिला डोकं नाही. मानेच्या जागी मनगट आहे आणि मनगटावर एक हात उभा आहे, बोटं सैल, तळवा पुढे, एखाद्या गोष्टीची ऊब अजमावावी तसा. लोक तिथेच दचकतात, आणि दचकावंच. मग ते मागच्या बाजूला जातात, तिथे पाठीच्या कण्यावर मणक्यांच्या जागी कान आहेत, मानेपासून खालपर्यंत एकाखाली एक, आणि प्रत्येक कान वेगळ्या माणसाचा आहे. एकाची पाळी चिकटलेली, एकाचं भोक ओघळलेलं, एक कान तर अगदी तान्ह्या बाळाचा. टायवाला म्हणतो ते बघून त्याला शिसारी आली. मला ते कान पहिल्यांदा पाहिले तेव्हा हसू आलं होतं. पाठ करून काम करणाऱ्या बाईला मागे काय चाललंय ते कसं कळतं, हे ज्यानं कधी एका खोलीत पोर झोपवून दुसऱ्या खोलीत काम केलंय त्याला विचार.

पुढे ये. तिचं पोट खऱ्या म्हातारीचं पोट आहे, घड्या पडलेलं, जरा डावीकडे कललेलं. मधोमध उभा छेद आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी बुटाला असतात तशी भोकं आणि त्यांतून ओवलेली नाडी आहे, निम्मी सुटलेली. वाकून आत डोळा लावलास तर अंधारात एक छोटंसं बाक दिसतं, तुमच्या बाह्यरुग्ण विभागात असतं तसलं, रिकामं. वाकल्याशिवाय ते दिसत नाही. तू वाकला नाहीस. मांड्या तिच्या स्वतःच्या आहेत, पण गुडघ्यांखाली पाय नाहीत, लाकडी स्टुलाचे चार पाय आहेत, म्हणजे ती कशावर बसली आहे असं पाहायला जावं तर ती स्वतःवरच बसली आहे. त्यातला एक पाय थोडा आखूड आहे, त्यामुळे ती जराशी कलते, आता उठेल असं वाटतं. आणि गळ्याखालची दोन हाडं आहेत. उजवं सरळ. डाव्यावर मधोमध एक गाठ आहे, आणि गाठीच्या आतल्या अंगाला एक खळगा, अंगठा बसेल एवढा. शरीराचा अभ्यास नसलेल्या कारागिरानं केलेला.

ती घाबरवते हे मला मान्य आहे. मीही पहिल्या दिवशी उठून पाणी प्यायला गेले होते. पण घाबरून पळणारे कोण आणि थांबणारे कोण, हे तुमच्या तक्रारपेटीत पडत नाही, ते बाकावर बसून बघावं लागतं. देणगीदारांच्या बायका लिफ्टकडे पळाल्या, हे खरं. पण ज्यांचं काहीतरी मोडलेलं होतं ते थांबले. एक ट्रकचालक यायचा, कोपरापासून हात गेलेला, त्याची बायको त्याला ओढायची, "चला हो, कसलं अभद्र बघताय," आणि तो म्हणायचा, "थांब गं, ही माझ्यापेक्षा वाईट जुळवलीय आणि तरी ताठ बसलीय." बायको हसली आणि मग तीही थांबली. कमरेचा पट्टा लावलेल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्या वाकू शकत नव्हत्या, त्यांनी मला विचारलं, "आत काय आहे हो पोटात?" मी सांगितलं, बाक आहे. त्यांनी कमरेचा पट्टा जरा सैल केला. मग म्हणाल्या, "बरोबर. मुलं गेली की बाकच उरतं." मी म्हटलं, बाई, आधी त्यावर बसणारं कुणी होतं म्हणून तर ते झिजलंय. आम्ही दोघी तिथे अशा काही हसलो की सुरक्षारक्षकानं बोट ओठावर ठेवलं. या हॉस्पिटलमध्ये मी इतकी वर्षं माणसं येताना-जाताना पाहिली, अनोळखी माणसांना एकमेकांशी शरीराबद्दल धडधडीत बोलताना पहिल्यांदा पाहिलं. आता तिथे तुम्ही काय ठेवणार, तेही मला कळलं आहे. टायवाला शिकाऊ डॉक्टरांना सांगत होता, धबधब्याचं पोस्टर. मोडलेल्या माणसाला धबधबा दाखवून काय करायचं रे? त्याला तिथे चढता तरी येणार आहे का?

मध्येच सांगायचं म्हणजे, सूनबाई काल येऊन गेली. तिला यातलं काही माहीत नाही, मी सांगितलं नाही, तेव्हा तिच्यावर उखडू नकोस. स्वयंपाकघरातला गळका नळ तिनं स्वतः बसवून दिला, तू गेले दोन महिने "माणूस पाठवतो" म्हणतोयस तो. नातीनं माझ्यासाठी मोजे विणायला घेतले आहेत, एक झाला आहे, दुसरा तिच्या परीक्षेनंतर. आणि घुबडमावशीच्या दुसऱ्या डोळ्याचाही निकाल आला. कडेकडेचं दिसतं, मधलं गेलं. ती म्हणते, "बरं झालं, आता लोकांची तोंडं दिसत नाहीत, नुसते कान दिसतात." तू तिला फोन केला नाहीस. ती मला म्हणाली, पोर कामात असेल. मी म्हटलं, हो, फार कामात आहे, चादरी टाकतोय.

घुबडमावशीनं स्वतःच्या हातानं घडवलेला हा पुतळा हॉस्पिटलला फुकट दिला, तेव्हा तू भाषणात तिला "आमच्या कुटुंबाच्या स्नेही" म्हणालास. स्नेही! ती माझ्या अंथरुणाशेजारच्या अंथरुणावर वाढली आहे. बोर्डिंगमध्ये आम्हा मुलींना अंघोळीला घालायला एक जाड कापडाचा पायघोळ झगा असायचा. झगा घालून अंघोळ करायची, साबण खालून आत न्यायचा, डोळे वर छताकडे. बाहेर एक सिस्टर उभी राहून प्रार्थना म्हणायची, तिची प्रार्थना संपायच्या आत आमचं अंग धुऊन झालं पाहिजे. आरसे होते, पण बशीएवढे, भांग सरळ आहे की नाही एवढंच दिसेल असे. सिस्टर सांगायच्या, अंग देवानं दिलंय ते वापरायला दिलंय, न्याहाळायला नाही. आम्ही सगळ्या छताकडे बघायचो. घुबड तेवढी बघायची नाही. ती मोठाले चष्म्याचे डोळे उघडे ठेवून खाली बघायची, आणि नुसती स्वतःकडे नाही, आमच्याकडेही, म्हणून तर तिचं नाव घुबड पडलं. शिक्षा म्हणून तिला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे, तर ती भिंतीवरच्या ओलीच्या डागांत माणसं शोधायची आणि रात्रीच्या जेवणाला आम्हाला सांगायची की तिसऱ्या भिंतीवर गुडघ्याला नाक असलेला एक गृहस्थ आहे. तेव्हापासून तिचं हे चालू आहे. आणि तिच्या अभ्यासाबद्दल म्हणशील, तर तुम्ही मेलेली शरीरं उघडून जे शिकलात, ते ती जिवंत माणसांकडे डोळे भरून बघत शिकली.

त्या न्हाणीघराच्या उंच खिडकीतून बाहेर काय दिसतं ते बघायला मी एकदा बादली उलटी घालून चढले आणि पडले. गळ्याखालचं डावं हाड मोडलं. सिस्टरांनी त्रिकोणी फडकं करून हात गळ्यात बांधला, डॉक्टरला बोलावलं नाही, कारण मुलगी कुठे पडली, काय घालून पडली, हे सांगावं लागलं असतं. हाड आपलं आपण जुळलं, वाकडं. मोठी झाल्यावर हाडांच्या विभागात जायचं हे मी तेव्हाच ठरवलं होतं. शाळेत सिस्टरांनी वाढवलं आणि पुढे मीच सिस्टर झाले, हॉस्पिटलातली, पण माझ्या प्लास्टरच्या खोलीत कुणाला छताकडे बघायला सांगितलं नाही. उलट सांगायची, बघा, हे तुमचंच आहे, इथे मोडलंय, असं जुळणार आहे.

तुला ती जुन्या इमारतीतली खोली आठवत असेल. शिकाऊ म्हणून तू आलास तेव्हा सगळे म्हणाले, सिस्टरच्या पोराला काय शिकवायचं. आणि तू पहिलंच प्लास्टर बोटांच्या टोकांनी दाबलंस. एका शाळकरी मुलीच्या पोटरीवर पाच खड्डे. मी ते सगळं फोडून पुन्हा घालायला लावलं होतं, आठवतं? ओलं असताना बोट लागलं की खड्डा पडतो, आणि तो खड्डा आतून कातडीला टोचत राहतो, बाहेर कुणाला दिसत नाही. म्हणून तळवा वापरायचा. तळव्यानं धरायचं आणि सुकेपर्यंत तळवा काढायचा नाही. तू त्या दिवशी चिडून म्हणाला होतास, "आई, एवढं काय त्यात?" आणि मग वर्षभरात तुझा तळवा माझ्यापेक्षा चांगला झाला, हे मी तुला कधी सांगितलं नाही, आता लिहून देते. असा माणूस पेनाच्या टोपणानं टकटक करायला कधी शिकला, ते मला कळलेलं नाही. तुझ्या खोलीत आता तीन पडदे आहेत, त्यांवर हाडांचे फोटो येतात, तू माणसाकडे न बघता त्याला त्याचा फोटो समजावून सांगतोस. मी रांगेत ऐकते रे. लोक तुला हुशार म्हणतात. कुणी तुझ्या हाताबद्दल बोलत नाही.

बुधवारी मी खाली गेले होते. तळघराची वाट मला तू सांगायची गरज नाही. धोबीखान्याशेजारच्या खोलीत, मोडक्या खाटा आणि गंजलेल्या सलाइनच्या दांड्यांमध्ये तिला भिंतीला टेकवून ठेवली आहे. तिथे दिवसभर वाफ येते. प्लास्टरला ओल सोसत नाही हे हाडांच्या डॉक्टरला मी सांगायचं का? तिच्या पोटावरच्या नाडीच्या भोकांची कड आत्ताच मऊ पडली आहे, नख लावलं तर पीठ येतं. भांडारातला म्हातारा मला ओळखतो. म्हणाला, "सिस्टर, वर जा बुवा, साहेब ओरडतील." मी म्हटलं, साहेबांना मी दुपटी बांधली आहेत, ओरडले तर मला सांगा. तो हसला आणि मग त्यानंच सांगितलं की शनिवारी सकाळी भंगाराचा टेम्पो येणार आहे आणि त्या खोलीतलं सगळं जाणार आहे, सगळं म्हणजे तीही, टायवाल्यानं तसं सांगितलंय, खाली तुझी सही आहे. तू वाचून सही केलीस की न वाचता, हे मी विचारत नाही. दोन्हींत मला कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही. मी चादर काढली, घडी केली, तिच्या शेजारच्या खाटेवर बसले आणि डबा खाल्ला. घुबडला आता दिसत नाही. ती दुसरी करू शकणार नाही. ही शेवटची आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र इतकं लांबलं तिच्याकडे येते. गेल्या वर्षी घुबडचा पहिला डोळा गेला तेव्हा ती म्हणाली, "दुसरा जायच्या आत मला एक बाई करायची आहे, खरी, वापरून जुनी झालेली. आणि माझ्या ओळखीत तुझ्याइतकी वापरलेली कुणी नाही." मी म्हटलं, जीभ सांभाळ. ती म्हणाली, "कपडे काढ." भर दुपारी, तिच्या कारखान्यात, खिडक्या सताड उघड्या. अंगाला तेल चोपडलं, पट्ट्या कोमट पाण्यात बुडवल्या, बुडबुडे थांबेपर्यंत थांबली आणि दोन्ही टोकांकडून मध्ये दाबून पाणी काढलं, पीळ न देता. ते मीच तिला शिकवलं होतं. जन्मभर मी लोकांना प्लास्टर घातलं, आणि सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदा कुणी मला घालत होतं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. "आता ऊब लागेल हं, घाबरू नका," हे वाक्य मी किती माणसांना म्हटलं असेल, पण ती ऊब कशी असते ते मला माहीत नव्हतं. ती माहीत झाली. आणि संध्याकाळी तिनं साचा उघडला, पुढे काही आठवड्यांनी त्यातून ती बाहेर आली, तेव्हा मी माझं अंग पहिल्यांदा पाहिलं. खोटं सांगत नाही. तुझ्या बाबांबरोबर सगळा संसार झाला, तुला जन्म दिला, पण दिवा आधी मालवायचा आणि आरसा गळ्यापर्यंतच, ही सवय हाडांत गेली होती. समोर एक बिनडोक्याची म्हातारी बसलेली. मी घुबडला विचारलं, ही कोण भवानी? घुबड म्हणाली, "तूच. घाबरायचं असेल तर घाबर, पण छताकडे बघू नकोस." मी बघितलं. पोटावरचा छेद तुझ्यामुळे पडलेला आहे. त्यातली नाडी आणि बाक घुबडच्या डोक्यातून आलं, पण छेद माझा. डोक्याच्या जागचा हातही माझाच आहे, तुझ्या ओळखीचा. मग मी तिला म्हटलं, ही हॉस्पिटलमध्ये ठेव, मोठ्या हॉलमध्ये, जिथे सगळ्यांना दिसेल. आणि तुला सांगायचं नाही असं मीच ठरवलं. मला वाटलं होतं, सांगावं लागणार नाही.

कारण भोपळ्या, तू दोन वर्षांचा होईपर्यंत बाबांजवळ झोपायचा नाहीस. त्यांनी घोडा केला, गाणी म्हटली, पाळणा हलवून त्यांचा दंड दुखला, तू आपला टाहो फोडलेला. मग मी घ्यायची, डाव्या खांद्यावर, डाव्याच, उजव्यावर घेतलं तर मान वळवून शोधायचास. तुझा अंगठा तोंडात कधी गेला नाही. तो माझ्या गळ्याखालच्या त्या खळग्यात जायचा, गाठीच्या आतल्या अंगाला, तिथे तो नेमका बसायचा, आणि तू गप्प. बाबा म्हणायचे, "माझं हाड सरळ जुळलं हा माझा गुन्हा झाला." तेच हाड आहे ते. पुतळ्यात तेवढी एकच जागा अशी आहे जिथे घुबडनं काही जोडलं नाही, काही बदललं नाही, साच्यातून आलं तसं ठेवलं. आणि सगळ्या शहरातल्या हाडांच्या त्या मोठ्या डॉक्टरनं बरोबर त्याच जागेवर पेनाचं टोपण ठेवून सांगितलं की असं हाड कुणाचं नसतं.

मी रडत हे लिहितेय असं वाटलं असेल तर ते डोक्यातून काढ, मी रडलेले नाही. मी चिडलेली आहे आणि ते मला मानवतं, गुडघासुद्धा कमी दुखतोय. माझं म्हणणं असं आहे की शुक्रवारी दुपारच्या आत तू स्वतः, टायवाला आणि पेन दोन्ही वर ठेवून, धोबीखान्याशेजारच्या खोलीत जायचंस, चादर काढायचीस, आणि तिच्या समोर बसून बघायचंस, पोटात वाकूनसुद्धा. बघून झाल्यावर डाव्या खळग्यात अंगठा ठेवायचास. मग तिला वर न्यायचंस, उभी, उघडी, तिच्या चौथऱ्यावर. आणि तू काय पाहिलंस ते मला तुझ्या स्वतःच्या अक्षरात, निदान एक पान, लेखी कळवायचंस, शुक्रवारी, चौदा मार्चला, संध्याकाळी पाचच्या आत, माझ्या दारात. टाइप केलेलं चालणार नाही. फोन मी उचलणार नाही. "तुझ्या भावना समजतो" असं एक जरी वाक्य त्यात आलं तर पत्र तपासून परत पाठवेन, लाल शाईनं. तुला लाज वाटली असेल आईचं पोट चारचौघांत दिसतं म्हणून, तर तेही लिही, मी वाचेन, पण पुतळा हलणार नाही. आणि पाचपर्यंत उत्तर आलं नाही, तर शनिवारी त्या टेम्पोच्या आधी मी हॉलमध्ये येईन. चौथरा रिकामा आहेच. प्लास्टरच्या खोलीतलं माझं स्टूल अजून माझ्याकडे आहे, त्याचा एक पाय आखूड आहे, पण मला त्याची सवय आहे. ते चौथऱ्यावर ठेवून मी भेटीच्या वेळेला बसेन, शाल बाजूला ठेवून, गळ्याखालची दोन्ही हाडं दिसतील एवढा गळा उघडा टाकून. टायवाल्याला म्हणावं, मग माझ्यावर टाक चादर.

तुझीच,
आणि डावा खांदा अजून जागेवर असलेली,
आई